लघु-आंत्र लक्षणसमूह

लहान आतड्याचा बराचसा भाग कापावा लागल्याने, किंवा जन्मतःच नसल्याने, अन्नपाणी पुरेसे न शोषले जाण्याची अवस्था. प्रौढाचे लहान आतडे साधारण 3 ते 8 मीटर लांब असते. ते 2 मीटरहून कमी उरले की ही संज्ञा लावतात. शिरेतून पोषण वा क्षारजल दिल्याखेरीज प्रकृती टिकत नाही, मुलांची वाढ होत नाही, अशा स्थितीला आंत्र-निकामीपणा म्हणतात. या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आतडे तोकडे असूनही तोंडाने घेतलेल्या आहारावर निभावणारे रुग्ण आहेत; उलट हालचाल बंद पडलेले पूर्ण लांबीचे आतडेही निकामी ठरते.

प्रौढांत रक्तवाहिनीत गुठळी अडकून आतडे काळे पडणे, पीळ बसणे, क्रोन रोगातील वारंवारच्या शस्त्रक्रिया ही मुख्य कारणे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत आतड्याचा दाहयुक्त कोथ आढळतो.

किती कापले, याहून काय उरले ते पाहावे लागते. जीवनसत्त्व ब-12 व पित्तक्षार शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, टोकालाच शोषले जातात. ते गेले की ब-12 आयुष्यभर टोचून घ्यावे लागते. मोठे आतडे जोडलेले असेल तर पाणी वाचते, शिवाय तेथील जिवाणू न पचलेल्या पिष्टातून थोडी ऊर्जाही मिळवून देतात. मात्र अशा रुग्णांना ऑक्झलेटचे मूतखडे होण्याचा धोका असतो. शिरेतील पोषण कायमचे लागण्याची शक्यता पोटावर स्टोमा (आतड्याचे पोटावर उघडलेले तोंड) असल्यास उरलेले लहान आतडे सुमारे 100 सेंमी. पेक्षा कमी असताना, तर मोठे आतडे जोडलेले असल्यास 60 सेंमी. पेक्षा कमी असताना फार वाढते.

स्टोमा असलेल्या रुग्णाची तहान फसवी असते. साधे पाणी प्यायले की शरीरातले सोडियम आतड्यात उतरते आणि स्टोमावर लावलेल्या पिशवीत वाहून जाते. तहान वाढते, रुग्ण आणखी पितो, आणखी सुकतो. घरच्यांना हे पटवणे कठीण जाते. उपाय जलसंजीवनीच्या तत्त्वावर आहे, कारण ग्लुकोजसोबत सोडियम शोषले जाते. मात्र येथे द्रावण नेहमीच्या जलसंजीवनीहून खारट लागते आणि साधे पाणी मोजून द्यावे लागते.

1960च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी बीगल कुत्र्यांच्या पिल्लांना केवळ शिरेवाटे पोसून वाढवले. नंतर हीच पद्धत माणसांत आली. त्याआधी आतडे फारच थोडे उरलेल्या रुग्णाला वाचवण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. या पोषणाचे धोकेही मोठे: शिरेत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग, शिरेत गुठळ्या, यकृताची हानी. भारतात घरी राहून ते घेण्याचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो.

उरलेले आतडे साधारण 2 वर्षांपर्यंत स्वतःला जुळवून घेत राहते. त्याचे पृष्ठ वाढते, शोषण सुधारते. त्यासाठी सोसेल तितके तोंडाने खाणे आवश्यक असते. शोषण वाढवणाऱ्या टेड्युग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. फुगलेले आतडे आलटून पालटून चिरून लांबवण्याची शस्त्रक्रियाही करतात. आंत्र-प्रत्यारोपण शेवटी, बहुधा यकृत खचू लागले किंवा नळी घालायला शिरा उरल्या नाहीत तरच.