धातुकर्तन, सूक्ष्म

हत्याराच्या धारेने धातूचा अत्यंत पातळ थर किसाच्या रूपाने सोलून काढण्याच्या क्रियेस सूक्ष्म धातुकर्तन म्हणतात. या थराची जाडी काही मायक्रॉनांपासून (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) काही नॅनोमीटरांपर्यंत (१ नॅनोमीटर = मायक्रॉनचा हजारावा भाग) असते. लेथवरील नेहमीच्या कातकामाची ही लहान आवृत्ती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु थर पातळ होत जातो तसतसे धातूचे तेवढेच घनफळ कापण्यास लागणारे कार्य वाढत जाते. या वाढीस ‘आकारमान परिणाम’ म्हणतात. तिचे कारण धातूत शोधावे की हत्याराच्या धारेत, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य वाद होय.

धातू कापताना होणाऱ्या ऊर्जाव्ययाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम काउंट रम्फर्ड यांनी वेधले. म्यूनिक येथील तोफांच्या कारखान्यात त्यांनी मुद्दाम बोथट ठेवलेल्या हत्याराने पितळी तोफेचे छिद्रण केले, तेव्हा भोवतीचे पाणी सु. अडीच तासांत उकळू लागले (१७९८). हा प्रयोग उष्णतेच्या स्वरूपासंबंधी होता व त्या दृष्टीनेच तो प्रसिद्ध आहे. मात्र बोथट धार थोडाच कीस काढते व पुष्कळ उष्णता निर्माण करते, ही त्यातील बाब पुढे दीड शतकाने वेगळ्या संदर्भात महत्त्वाची ठरली.

कीस कसा तयार होतो याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. रशियातील इव्हान टिमे (१८७०), फ्रान्समधील आंरी त्रेस्का (१८७३) व इंग्लंडमधील आर्नल्फ मॅलॉक (१८८१) यांनी याविषयी निबंध लिहिले. हत्यारापुढील धातू एका तिरप्या प्रतलावर घसरतो व कीस होऊन वर चढतो, तसेच हत्याराच्या तोंडावरील घर्षणाचा या क्रियेवर मोठा प्रभाव असतो, हे मॅलॉक यांनी ओळखले होते. तरीही लाकूड फोडताना कुऱ्हाडीपुढे जशी भेग धावते तशी ती धातूतही धावत असावी, ही समजूत लवकर मावळली नाही. फ्रांट्स रूलो यांच्यासारख्या नामांकित यंत्रशास्त्रज्ञाने १९०० साली तिचाच पुरस्कार केला.

अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचा मार्ग निराळा होता. सव्वीस वर्षांत तीस ते पन्नास हजार प्रयोग करून व सु. साडेतीन लाख किग्रॅ. पोलाद आणि लोखंड किसात घालवून त्यांनी १९०६ साली आपले निष्कर्ष मांडले. ते मुख्यतः हत्याराच्या आयुष्यासंबंधी होते. तथापि त्यांच्या सूत्रांत एक गोष्ट दडलेली होती : बिडाच्या कातकामात किसाची जाडी निम्मी केली, तर बल निम्मे न होता सु. साठ टक्के उरते. जाड कीस काढणे किफायतशीर असते, एवढाच अर्थ कारखान्यांनी त्यातून घेतला.

सिनसिनाटी येथील यूजीन मर्चंट यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या विश्लेषणाने धातुकर्तनाला गणिती पाया मिळाला. कर्तरी प्रतल, घर्षणकोन आणि हत्याराच्या तोंडाचा कल यांवरून बल काढण्याची त्यांची रीत आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. या रीतीत धार पूर्णपणे तीक्ष्ण मानलेली आहे; लांबीचे कोणतेही स्वाभाविक परिमाण तीत नाही. त्यामुळे जाडी शंभरपट कमी केल्यास बलही शंभरपट कमी व्हावे, असे तीवरून निघते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

बॅकर, मार्शल व शॉ यांनी १९५२ मध्ये कातकाम, सूक्ष्म चक्रीकर्तन व शाणन (अपघर्षक चाकाने घासणे) यांचे निष्कर्ष एकाच आलेखावर मांडले. किसाची जाडी सु. ०·७ मायक्रॉनपर्यंत उतरेपर्यंत पोलादाचा कर्तरी विरोध वाढत गेला व त्याखाली सु. १३,००० न्यूटन प्रती चौ. मिमी. या मूल्यावर स्थिरावला. निर्दोष स्फटिकाच्या बलासंबंधी फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये केलेल्या गणिताशी हे मूल्य जवळजवळ जुळत होते. धातू दुबळा होतो तो स्फटिकातील स्थानभ्रंशांसारख्या दोषांमुळे. अतिशय पातळ थरात असे दोष सापडण्याची शक्यता कमी, म्हणून तो आपले मूळ बल दाखवितो, असे स्पष्टीकरण देण्यात आले. ते आकर्षक होते आणि बराच काळ टिकले.

त्यावरील आक्षेप दोन प्रकारचे होते. कर्तनात धातू इतका मळला जातो की, त्याच्या एका चौ. मायक्रॉन छेदात हजारांच्या घरात स्थानभ्रंश असतात. तेव्हा किसात दोष नसतात असे म्हणणे कठीण. दुसरा आक्षेप धारेविषयीचा. कोणतीही धार सूक्ष्मदर्शकाखाली गोलसरच दिसते. कार्बाइडाच्या हत्याराच्या धारेची त्रिज्या काही मायक्रॉन असते. थर त्याहून पातळ झाला की, धातूपुढे हत्याराचे तोंड येत नाही, धारेची गोलाई येते. ती धातू कापण्याऐवजी नांगरते आणि खाली दाबते. आल्ब्रेख्ट यांनी १९६० मध्ये या नांगरण्याचे बल वेगळे काढून दाखविले. रम्फर्ड यांचे बोथट हत्यार येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटते. शाणनातील अपघर्षक कण तर बोथटच असतात, त्यामुळे १९५२ च्या आलेखातील त्या भागाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक ठरते.

तरीही धारेने सर्व काही उलगडते असे नाही. फ्लेक, मुलर, ॲश्बी व हचिन्सन यांनी १९९४ मध्ये तांब्याच्या तारा पिळून पाहिल्या, तेव्हा १२ मायक्रॉन व्यासाची तार १७० मायक्रॉनच्या तारेच्या तुलनेत सु. तिप्पट बळकट ठरली. सरळ ताणल्यास मात्र फारसा फरक दिसला नाही. विकृती थोड्या अंतरात झपाट्याने बदलली की धातू अधिक विरोध करतो, असा याचा अर्थ. येथे कर्तक धारेचा संबंधच नव्हता. दोन्ही कारणे एकाच वेळी कार्य करतात आणि प्रमाण परिस्थितीनुसार बदलते, असे मानणे युक्त होय.

ही चर्चा केवळ तात्त्विक राहिली नाही, याचे श्रेय हिऱ्याच्या हत्यारांना आहे. एकस्फटिकी हिऱ्याची धार १०० नॅनोमीटरांहूनही कमी त्रिज्येची करता येते. तिच्या साहाय्याने तांबे व ॲल्युमिनियम यांचे आरसे पुढे घासावे न लागता थेट कातता येऊ लागले. मोरिवाकी व ओकुडा यांनी १९८९ मध्ये तांब्यावर ३ मायक्रॉनांपासून २·५ नॅनोमीटरांपर्यंतचे कर्तन अभ्यासले. इकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सु. १ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे जेमतेम काही अणूंच्या थरांचा कीस निघू शकतो, असे दाखविले. त्याहून कमी खोलीवर धातू फक्त दबतो व हत्यार पुढे गेल्यावर काहीसा वर येतो. या प्रमाणावर धातूचा प्रत्येक कण थराहून मोठा असतो. हत्यार एकामागून एक स्फटिक कापत जाते व त्यांच्या दिशा भिन्न असल्याने शेजारच्या कणांमध्ये सूक्ष्म पायऱ्या राहतात.

पोलादापुढे हिरा टिकत नाही. त्याचा कठीणपणा तेथे उपयोगी पडत नाही, कारण हिऱ्यातील कार्बन लोहात विरघळतो आणि धार भराभर झिजते. म्हणून प्लॅस्टिक भिंगांच्या साच्यांवर निकेलाचा लेप देऊन तो कातण्याची पद्धत रूढ झाली. शामोतो व मोरिवाकी यांनी १९९४ मध्ये हत्याराला लंबवर्तुळाकार कंपने देण्याची युक्ती योजली. धार धातूपासून क्षणोक्षणी दूर होत असल्याने तिची झीज पुष्कळ कमी होते.