हमामखाना : उत्तरेतील थंडी आणि न्हाणीघराची ऊब

नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या मराठी माणसास पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट उमगते. पाणी कढत करता येते. न्हाणीघर कढत करता येत नाही. आपल्याकडील जुन्या न्हाणीच्या कोपऱ्यात चुलाणे असे, त्यावर तांब्याचा हंडा चढविलेला असे. पुढे बंब आला. जाळ शेजारीच असल्यामुळे पाण्याबरोबर जागेसही ऊब मिळे, आणि धूर कौलांच्या फटींतून आपल्या वाटेने निघून जाई. सरकारी वसाहतींत आम्हां मंडळींच्या वाट्यास आली ती मात्र सिमेंटची, उन्हाचे तोंड न पाहणारी न्हाणीघरे. अंगावर घेतलेले पाणी गरम, पायाखालची फरशी बर्फ, आणि तांब्या खाली ठेवताच दातांची कडकड सुरू! या अडचणीचा विचार पूर्वसूरींनी कसा केला, हे पाहू जाता फार रंजक माहिती हाती लागते.

जुन्या दाखल्यांपैकी एक विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. वैशाली येथे पक्वान्नांच्या सेवनाने भिक्षूंची प्रकृती बिघडली, तेव्हा जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवान बुद्धांनी त्यांना ‘जंताघर’ वापरण्यास अनुज्ञा दिली. जंताघर म्हणजे अग्नीने तापविलेली स्नानाची खोली. ती लहान असल्यास अग्निस्थान एका बाजूस ठेवावे, मोठी असल्यास मध्यभागी. धूर जाण्यास धूमनेत्र ठेवावे. तोंड भाजू नये म्हणून मातीचा लेप लावावा. प्रत्येक नियमामागे कोणा भिक्षूची तक्रार आहे. कार्यालयीन परिपत्रके वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की येथे तक्रारीची दखल तत्काळ घेतली गेली.

खोलीत विस्तव न ठेवता खोली तापविण्याची विद्या रोमन लोकांनी पूर्णत्वास नेली होती. जमीन लहान खांबांवर उचलून धरायची आणि खालच्या पोकळीतून भट्टीचा गरम वायू खेळवायचा, ही त्यांची युक्ती. पश्चिम आशिया व इराणमध्ये तीच हमामाच्या रूपाने नांदली. १५२६ साली हिंदुस्थानात आलेल्या बाबराने येथील उणिवांची जी यादी आपल्या आत्मचरित्रात दिली, तीत हमाम नाहीत ही तक्रार आहेच. आग्र्यास त्याने लगोलग हमाम बांधविला. मौज अशी, की हिंदुस्थानचा उकाडा, वावटळ आणि धूळ या तिन्हींपासून हमामात सुटका होते, असे तो लिहितो. जाड भिंतींची बंदिस्त खोली थंडीस अडविते तशी उन्हासही अडविते.

हमामाची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. प्रथम कपडे उतरविण्याचे दालन, मग कोमट, मग गरम. एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची वाट अरुंद आणि बहुधा वळणाची, म्हणजे बाहेरचा वारा थेट आत शिरू नये. भिंती चुन्याच्या आणि हातभर जाड; खिडकी नाही; उजेड येतो तो घुमटाच्या माथ्यावरील झरोक्यातून. भट्टी भिंतीच्या पलीकडे. लाकूड जाळणारा माणूस स्नान करणाऱ्यास दिसत नाही. ऊब तेवढी फरशीतून तळपायांस भेटते. आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट : विस्तव बाहेर, ऊब आत.

महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरील बुऱ्हाणपुरात, तापीकाठच्या शाही किल्ल्यात असा हमाम आहे. त्याच्या छतावरील रंगकामाचे अवशेष अजून दिसतात. मुमताजमहलचा शेवट याच गावी १६३१ साली झाला.

मोगलांच्या राजकारणाशी स्नानगृहाचे नाते असे जडले, की बादशहाच्या खाजगी दरबारासच ‘गुसलखाना’ म्हणू लागले. अकबराच्या काळी निवडक लोकांशी मसलत स्नानगृहालगतच्या दालनात चाले, त्यावरून हे नाव पडले. १२ मे १६६६ रोजी आग्र्यास शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांची भेट झाली ती अशाच दरबारात, आणि कवी भूषणाच्या छंदांतही गुसलखान्याचा उल्लेख येतो. आग्र्याच्या मे महिन्यात उबेची गरज कोणास नव्हती, हे वेगळे.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातील हमाम दिवाण-इ-खासच्या उत्तरेस अगदी लगत आहे. १७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेने दिल्ली घेतली आणि पैशाच्या निकडीने दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरविले. शेजारच्या हमामात उतरविण्याजोगे रुपे नव्हते, संगमरवर होता.

आज हे सारे आठवण्यास एक गंभीर कारण आहे. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. कोणी कोळशाची शेगडी आत नेतो, कोणी खिडकी नसलेल्या जागी गॅसचा गिझर बसवितो, आणि वारा येतो म्हणून झरोक्यात बोळा कोंबतो. ज्वलनास हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसास हाक मारण्याचेही भान उरत नाही. आपल्या बायाबापड्या शतकानुशतके चुलाण्याशेजारी न्हाल्या, त्या कौलांच्या फटींमुळे वाचल्या. ती सवय काँक्रीटच्या चार भिंतींत आणता येत नाही. विजेचा गिझर, पायाखाली लाकडी पाट, आणि आधी कढत पाण्याने फरशी भिजवून घेणे, एवढ्यावर आमच्या घरी भागते. लहान मूल वा वृद्ध आत असता कडी लावू न देणे, हाही आमच्याकडील नियम आहे.

काश्मीरमधील मशिदींत व घरांत दगडी फरशीखाली जाळ करून खोली उबदार ठेवण्याचा प्रघात जिवंत आहे. भोपाळचा जुना हमाम तर अगदी अलीकडेपर्यंत हिवाळ्यात गिऱ्हाइकांसाठी उघडत असे. लाहोरात वजीरखानाने १६३५ मध्ये बांधलेल्या शाही हमामाचे जतनकाम २०१३ ते २०१५ या काळात झाले, तेव्हा फरशीखालची उष्ण वायू खेळविण्याची व्यवस्था उघडी पडली. लाल किल्ल्यातील हमामाची दारे बहुधा बंद असतात. परंतु त्याच्या पश्चिमेकडील दालनाच्या भिंतीत पाणी तापविण्याची जागा आहे, आणि तिचा जाळ बादशहाच्या अंगाजवळ कधीच नव्हता.