दोन सूर्योदयांचा प्रवास

मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला विनाथांबा विमानसेवा सुरू झाली. सुमारे १४,५०० किलोमीटरचे हे अंतर विमान साधारण सतरा तासांत तोडते. याच पर्थहून श्रीलंकेला जायला १९४३ साली २७ ते ३३ तास लागत. अंतर मात्र निम्म्याहूनही कमी, सुमारे ५,६५० किलोमीटर! वाटेत प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया–इंग्लंड हवाईमार्ग मध्येच तुटला. तो जोडण्यासाठी क्वांटास कंपनीने पाच कॅटलिना विमाने वापरली. पाण्यावर उतरणारी ही विमाने पर्थच्या स्वान नदीतून उडत आणि थेट श्रीलंकेतील कोग्गला सरोवरात उतरत. इंधन लागे सुमारे ९,००० लिटर, म्हणजे साडेसहा टन. मग उरलेल्या वजनात काय बसणार? तीन प्रवासी आणि ६९ किलो टपाल!

इंधन पुरावे म्हणून विमान ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगानेच चालवीत. पण विमान जितके सावकाश, तितका वाऱ्याचा परिणाम जास्त. ताशी २० किलोमीटरचा आडवा वारा ध्यानात आला नाही, तर दहा तासांत विमान २०० किलोमीटर बाजूला जाईल. दिशेत एका अंशाची चूक झाली, तरी प्रवासाअखेर जवळजवळ १०० किलोमीटरचा फरक पडेल. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) शिवाय रेडिओवरून संदेश पाठवण्याची बंदी, कारण त्यावरून शत्रूला ठावठिकाणा लागला असता.

मग वाट सापडे कशी? ताऱ्यांवरून. कोणत्याही क्षणी प्रत्येक तारा पृथ्वीवरच्या एका ठरावीक बिंदूच्या थेट डोक्यावर असतो. सेक्स्टंटने ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली, की त्या बिंदूपासून आपण किती दूर आहोत ते कळते. म्हणजेच आपण एका वर्तुळावर कुठेतरी आहोत. दुसऱ्या ताऱ्याचे दुसरे वर्तुळ काढले, की ती दोन ठिकाणी छेदतात आणि त्यांतले अंदाजाशी जुळणारे ठिकाण आपले. उंची मोजण्यात एका कलेची चूक म्हणजे १.८५ किलोमीटर. विषुववृत्ताजवळ घड्याळ चार सेकंद चुकले, तरी जवळपास तेवढाच घोटाळा!

जपानी विमानांच्या टप्प्यातला भाग रात्री पार व्हावा, अशी निघण्याची वेळ ठरवलेली असे. लपण्यासाठी निवडलेल्या त्या अंधारातच तारे दिसत, ही योजना आम्हांला फार आवडते. विमानांची नावेही ताऱ्यांचीच होती : व्हेगा, अल्टेअर, स्पायका, अँटारेस आणि रायजेल, म्हणजे आपले अभिजित, श्रवण, चित्रा, ज्येष्ठा आणि राजन्य. जूनअखेरच्या रात्री राजन्य सोडून बाकीचे चार आपल्या गच्चीवरूनही दाखवता येतात.

जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावले नाही. विमाने अमेरिकेकडून युद्धकाळापुरती मिळालेली होती. युद्ध संपल्यावर करारातील अटींमुळे ती समुद्रात बुडवण्यात आली.