निराधार पेन्शन : बँकेतली बचत, घरातला कमावता माणूस आणि आपला हक्क

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आम्हाला दोन प्रश्न सतत विचारले जातात. खात्यात थोडे पैसे आहेत म्हणून पेन्शन बंद होईल का? मुलगा कामाला लागला, आता आईला मिळणार नाही का? समाजबांधवांसाठी दोन्हींची माहिती एकत्र देत आहोत.

कोणती योजना कोणासाठी?

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून सुरू आहे. १८ ते ६५ वयातील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा निराधारांना ती लागू होते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्हींत दरमहा १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना केंद्राचे निवृत्तिवेतन आहे. त्यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० आणि ८० नंतर ५०० रुपये असून उरलेली रक्कम राज्य घालते.

बचत म्हणजे उत्पन्न नव्हे

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असावे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे, अशी अट आहे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. इथे मोजले जाते ते वर्षाचे उत्पन्न. बचत गटातली शिल्लक किंवा मयतासाठी बाजूला ठेवलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. व्याज मात्र उत्पन्नच आहे. एक लाखाच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७,००० रुपये येतात, म्हणजे २१,००० च्या मर्यादेचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो.

शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गासाठी अनेकांच्या जमिनी गेल्या. मोबदला एकदाच मिळतो, ती दरवर्षीची कमाई नाही. खात्यावर अशी रक्कम दिसत असेल तर निवाड्याची प्रत अर्जाला जोडावी आणि पैसे कशाचे आहेत ते लेखी सांगावे.

घरातली माणसे

खरी अडचण इथे आहे. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा लागतो. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावहून लोकलने मुंबईला कामाला जात असेल, तर त्याचा पगार आईच्या आड येतो. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल आणि चूल वेगळी असेल, तर वेगळी शिधापत्रिका करून घ्यावी आणि चौकशीच्या वेळी तलाठ्यांना वस्तुस्थिती सांगावी. केवळ पेन्शनसाठी कागदावर वेगळे होऊ नये. खोटा दाखला उघड झाला तर आलेली पेन्शनही जाते.

मर्यादाच तपासायला हवी

२०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात ३१२ रुपये आहे. घरातल्या एकाने ६८ दिवस काम केले की २१,२१६ रुपये होतात आणि म्हातारी आई अपात्र ठरते. दोघांनी शंभर-शंभर दिवस काम केले तर ६२,४०० रुपये होतात; मग घरातला दिव्यांगही बाहेर. याच राज्यात लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दोन वेळ जेवणारे प्रत्येक घर 'सधन' ठरवणारी ही २१,००० ची रेघ बदललीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य मिळावे, हे संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये लिहिलेले आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही.

अर्ज करताना

- आधार, शिधापत्रिका, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जवळ ठेवा. दिव्यांगांनी प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड जोडावे.
- अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी.
- पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे.
- दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा. तो राहिला की पेन्शन थांबते.
- अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर घरी परतू नये.

डोळखांब, किन्हवली, टोकावडे भागातील म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून कोणाला तरी सोबत न्यावे लागते. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून या अर्जांसाठी द्यावा, ही आमची विनंती.