रोमन कांस्य नाण्यांवरील शांततेची प्रतिमा

रोमन सम्राट नीरो (इ.स. ५४-६८) याच्या कांस्य नाण्यांवर जेनस देवतेच्या मंदिराची मिटलेली द्वारे आढळतात. युद्धकाळात ही द्वारे उघडी ठेवण्याचा प्रघात होता. भूमीवर व समुद्रावर शांतता प्रस्थापित झाल्याने ती मिटल्याचे नाण्यांवरील लेख सांगतो. तथापि इ.स. ६६ मध्ये ज्यूडिया प्रांतात बंड उद्भवले. नीरोच्या मृत्यूनंतर रोमन साम्राज्यात यादवी माजली. इ.स. ७१ मध्ये सम्राट व्हेस्पेशियनने काही कांस्य नाण्यांवर ऑलिव्हची फांदी धरलेली शांतिदेवता पॅक्स, तर काहींवर खजुराच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली पराभूत ज्यूडिया अंकित केली. दोन्ही प्रतिमा परस्परपूरक आहेत. रोमन शांतता ही विजयाचीच परिणती होती. म्हणून दैनंदिन व्यवहारातील या नाण्यांकडे राज्यसत्तेच्या दाव्याचे साधन म्हणून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक ठरते.