सत्तावीसपैकी आठवं पान

२०२१च्या ऑक्टोबरात पुण्याचा विमानतळ चौदा दिवस पूर्ण बंद होता. धावपट्टीवर नवा थर द्यायचं काम चालू होतं. मला बंगळुरूला जायचं होतं. रात्री दोनला टॅक्सी करून मुंबई गाठली आणि एक्स्प्रेसवेभर चरफडत होतो. आपल्याकडे समांतर दोन धावपट्ट्या असत्या तर एक दुरुस्तीला काढून दुसरीवर भागवलं असतं की! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सुचतं ते हेच. दोन सर्व्हर ठेवा, एक बंद करा, ट्रॅफिक दुसऱ्यावर वळवा. सोप्पं.

ते तितकं सोपं नसतं हे नंतर कळलं, विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचायचा नाद लागल्यावर.

३१ ऑक्टोबर १९७९, पहाटेचे पावणेसहा. लॉस एंजलिसहून रात्रभर उडून आलेलं वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-१० मेक्सिको सिटीला उतरत होतं. तिथे समांतर दोन धावपट्ट्या होत्या : २३ डावी आणि २३ उजवी. (धावपट्टीचं नाव म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य कापून. २३ म्हणजे साधारण २३० अंश.) डावी दुरुस्तीसाठी बंद होती. पण खाली यायची वाट दाखवणारे रेडिओ संकेत होते डाव्या धावपट्टीचेच. म्हणजे डावीच्या संकेतांवर खाली यायचं आणि जमीन दिसली की उजवीकडे सरकायचं.

त्या पहाटे धुकं होतं. विमान सरकलं नाही, ते बंद धावपट्टीवरच उतरलं. चूक लक्षात आल्यावर वैमानिकांनी विमान पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, पण त्याचं चाक मातीने भरलेल्या ट्रकला धडकलं आणि विमान पुढे जाऊन इमारतीवर आदळलं. विमानातल्या ८८ पैकी ७२ जण गेले, आणि ट्रकचा ड्रायव्हरही.

उजवीवर उतरायचं आहे हे वैमानिकांना सांगितलेलं होतं.

बरोबर एकवीस वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०००च्या रात्री, तैपेईत वादळ घोंगावत होतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ला ०५ डावीवरून उड्डाण करायचं होतं. ते वळलं शेजारच्या ०५ उजवीवर, जिचा काही भाग कामासाठी बंद होता. वळणावर अडवायला अडथळा नव्हता, आणि त्या धावपट्टीकडे नेणारे हिरवे दिवे छान उजळलेले होते. विमान पूर्ण वेगात बांधकामाच्या यंत्रांवर गेलं. १७९ पैकी ८३ मृत्युमुखी पडले. धावपट्टीचा भाग बंद आहे हे याही वैमानिकांना माहीत होतं.

सांगितलं होतं, माहीत होतं. मग?

या प्रश्नाचं उत्तर मला तिसऱ्या घटनेत मिळालं. तिच्यात कुणी मेलं नाही, म्हणून ती फारशी कुणाला आठवत नाही.

७ जुलै २०१७, रात्रीचे बारा वाजायला चार मिनिटं. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ए-३२० सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं, आत १४० माणसं. आकाश निरभ्र. इथेही समांतर जोडी, २८ डावी आणि २८ उजवी. डावी कामासाठी बंद, तिचे दिवे मालवलेले. वैमानिकांना समोर नेहमीसारख्या दोन उजळ रेषा दिसल्या. नेहमीच्या सवयीने त्यांनी डावीकडच्या रेषेला २८ डावी धरलं आणि उजवीकडच्या रेषेवर नेम धरला. प्रत्यक्षात डावीकडची रेषा हीच २८ उजवी होती. उजवीकडे होता टॅक्सीवे, आणि त्यावर उड्डाणाची वाट बघत प्रवाशांनी भरलेली चार विमानं ओळीने उभी होती.

वैमानिकांना शंका आली होती. धावपट्टीवर दिवे दिसताहेत, उतरू ना? असं त्यांनी टॉवरला विचारलं. टॉवरने सांगितलं, २८ उजवीवर तुमच्याशिवाय कुणी नाही. उत्तर शंभर टक्के खरं होतं. दोघं वेगवेगळ्या जागांबद्दल बोलत होते, इतकंच. रांगेतल्या एका वैमानिकाने हा कुठे चाललाय, हा टॅक्सीवेवर आहे, असं रेडिओवर सांगितलं, दुसऱ्याने आपल्या विमानाचे दिवे लावले, आणि ए-३२० जमिनीपासून जेमतेम साठ फुटांवरून वर उचललं गेलं. खाली उभ्या विमानांच्या शेपट्या पंचावन्न फुटांच्या आसपास उंच. हजारावर माणसं थोडक्यात वाचली.

धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेल्या कागदांत होती. सत्तावीसपैकी आठव्या पानावर. या सूचनांना नोटॅम म्हणतात. टेलिप्रिंटरच्या जमान्यापासून चालत आलेली, सगळी मोठी अक्षरं आणि संक्षेप असलेली भाषा. बंद धावपट्टी आणि कुठल्याशा क्रेनवरचा विझलेला दिवा, दोन्ही एकाच सुरात. कॅप्टनने ती सूचना पाहिली होती. पण पाहून काही तास उलटले होते, तो एकोणीस तासांहून जास्त जागा होता, आणि ऐन वेळी ती आठवली नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी जाहीर बैठकीत नोटॅमना चक्क कचरा म्हटलं.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण मी स्वतः हेच केलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्री दीड वाजता, दुरुस्तीला काढलेल्या डेटाबेसवर मी रिलीज चढवला. काही तासांच्या ऑर्डरी गायब झाल्या. दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये एकच प्रश्न : मेल वाचला नव्हता का? वाचला होता. तीन आठवड्यांपूर्वी, शंभरेक ऑटोमेटेड मेलच्या मधोमध. 'यापुढे काळजी घेईन' म्हणून मी विषय संपवला. खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा होता.

सॅन फ्रान्सिस्कोत तो झाला. शेजारची समांतर धावपट्टी बंद असेल तर रात्री नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरायचं नाही, रेडिओ किंवा उपग्रहाच्या मार्गदर्शनानेच यायचं, असा नियम झाला. रात्रीची गर्दी ओसरेपर्यंत टॉवरमध्ये एकाऐवजी दोन माणसं ठेवायचं ठरलं. वैमानिकाच्या आठवणीवरचा भार कमी केला.

आम्हीही शेवटी रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी टाकल्या. डेटाबेस दुरुस्तीत असेल तर ती पुढेच जात नाही. मेल अजूनही येतात. ते कोण वाचतं, माहीत नाही.

आणि पुण्याबद्दलची माझी चिडचिड? पुण्याला एकच धावपट्टी, त्यामुळे तिथे दुसरा इलाजच नव्हता. पण त्या चौदा दिवसांत एका गोष्टीची मात्र खात्री होती. रात्री कुणी थकलेला वैमानिक पुण्यावर येऊन, दोन रेषांतली आपली कोणती, असं विचारणार नव्हता.