भाकरीवरच्या नऊ खुणा: डहाणूच्या पारशी-इराणी घरांतलं 'चांगलं जगणं' म्हणजे नेमकं काय?

गव्हाचं पीठ, थोडं तूप आणि पाणी. एवढ्यातूनच एक लहान, गोल, चपटी भाकरी तयार होते. पारशी पुरोहितांच्या घरी विधीसाठी केल्या जाणाऱ्या या भाकरीला 'दरून' म्हणतात. काही दरूनांवर भाजण्याआधी नऊ हलक्या खुणा करतात, तीन ओळींत तीन-तीन. खुणा करताना हुमत, हुख्त, हुवर्श्त हे तीन शब्द तीनदा म्हटले जातात.

या शब्दांचा अर्थ आहे चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृत्यं. जरथुष्ट्री धर्माचं सगळं नीतिशास्त्र या तीन शब्दांत आलं, असं म्हटलं तरी चालेल. 'लाइफ गोल्स'च्या याद्या आपण रोज स्टोरीला टाकतो. इथे तीच यादी पिठावर उमटवून, प्रार्थनेनंतर वाटून खाल्ली जाते. या प्रसादाला 'चाशनी' म्हणतात.

उपवास नाही, वैराग्य नाही

आपल्याकडे 'चांगलं जगणं' म्हटलं की संयम, व्रत, उपास असे शब्द चटकन आठवतात. जरथुष्ट्री परंपरेत मात्र उपवासाला स्थान नाही. बहमन महिन्यात बरेच जण मांसाहार टाळतात, पण उपाशी राहून पुण्य मिळतं अशी कल्पना तिथे नाही. उलट शरीर धडधाकट हवं, घर-संसार हवा, कामात आनंद हवा. वेंदिदाद या धर्मग्रंथात धान्य पिकवणं हे मोठं धर्मकार्य मानलंय.

ध्येयाची आठवण करून देणारी एक वस्तू तर अंगावरच असते. नवजोत विधीत मुलाला किंवा मुलीला सुदरा (पांढरी सुती बंडी) आणि कुस्ती (कमरेभोवती तीन वेढे घेऊन बांधायची ७२ धाग्यांची लोकरी दोरी) मिळते. सुदऱ्याला गळ्यापाशी एक इवलासा खिसा असतो. त्यात पैसे मावत नाहीत. तो चांगल्या कृत्यांनी भरायचा, असं मुलांना सांगितलं जातं.

अग्नी पवित्र, म्हणून त्यावर फुंकर मारायची नाही. अग्यारीत धर्मगुरू तोंडावर 'पदान' नावाचा कपडा बांधतात तो त्यासाठीच. घरात याचं रूप साधं असतं. अनेक पारशी घरांत वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती फुंकून विझवत नाहीत.

यात डहाणू कुठे आलं?

इराणातून आलेले जरथुष्ट्री आधी संजाणला वसले, अशी परंपरा 'किस्सा-ए-संजाण' या काव्यात आहे. ते १५९९ मध्ये बहमन कैकोबाद यांनी लिहिलं. संजाण आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, म्हणजे तलासरीच्या अगदी शेजारी आहे. संजाण पडल्यावर 'इराणशाह' हा पवित्र अग्नी घेऊन पुरोहित बहारोटच्या डोंगरात गेले आणि तिथल्या गुंफांत बारा वर्षं तो जपला, असं किस्सा सांगतो. या गुंफा डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या मागच्या डोंगरात आहेत. पारशी भाविक आजही तिथे चढून जातात. तो अग्नी पुढे बऱ्याच ठिकाणी फिरून १७४२ मध्ये उदवाड्याला पोहोचला.

इराणी लोक याच धर्माचे, पण ते फार नंतर आले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात यझ्द, केरमानकडून छळाला आणि गरिबीला कंटाळून त्यांनी भारत गाठला. कोणी मुंबईत बेकऱ्या आणि हॉटेलं काढली, तर कोणी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या केल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, हे आता बहुतेकांना माहीत असतं.

तिसरा शब्द सगळ्यात अवघड

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसताच गोडगोड होईल. चांगले विचार आणि चांगले शब्द घरात बसूनही जमतात. कृत्याला मात्र समोर दुसरा माणूस लागतो. डहाणू-तलासरीत तो माणूस होता वारली शेतमजूर.

स्वातंत्र्याआधी इथल्या जमिनी जमीनदार-सावकारांच्या हाती होत्या. त्यात सवर्ण हिंदू होते, मुसलमान होते, तसे पारशी आणि इराणीही होते. वारल्यांकडून वेठबिगारीने फुकट काम करून घेतलं जाई. लग्नासाठी कर्ज काढणारा नवरा-बायकोसह मालकाचा 'लग्नगडी' होऊन राबत राही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली आणि वारल्यांनी वेठ करायला नकार दिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीत जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लढ्याची हकिकत आहे.

याचा दोष धर्माला द्यावा असं मला वाटत नाही. तीच वेठ घेणारे इतर जमीनदारही आपापल्या देवाला रोज हात जोडतच होते. पण सुदऱ्याचा तो खिसा भरणं म्हणजे काय, हे समजायला १९४५ चं तलासरी माहीत असलेलं बरं.

ताडी आणि कुमास

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. पारशी घरांतला जुना केक म्हणजे 'कुमास'. रवा, कणीक, अंडी, तूप, साखर, वेलची, जायफळ आणि फुगवण्यासाठी ताडी. बाजारात यीस्टची पाकिटं मिळायला लागली त्याआधी या किनाऱ्यावर ताडीच यीस्टचं काम करायची. ताडाचा किंवा शिंदीचा रस सकाळी उतरवला की त्यातलं नैसर्गिक यीस्ट साखरेवर वाढू लागतं, वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. झाडावर चढून ती उतरवणारे हात भंडाऱ्यांचे किंवा आदिवासींचे. म्हणजे कुमासही एकट्या घराचा नव्हताच. पीठ रात्रभर आंबवायचं, डबा शेगडीवर ठेवायचा, झाकणावरही निखारे टाकायचे. ओव्हनची गरज पडत नसे.

शहरात ताजी ताडी मिळणं कठीण, त्यामुळे तिची चव येणार नाही. तरी दही वापरून जवळचा प्रकार घरी जमतो. एक वाटी बारीक रवा, एक वाटी कणीक, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ केलेलं तूप, अर्धी वाटी दही, दोन अंडी. तूप आणि साखर फेसून त्यात अंडी, मग दही घाला. रवा-कणीक, वेलची-जायफळ पूड आणि चिमूटभर मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. रवा पाणी पितो, म्हणून पीठ घट्ट झालं तर थोडं दूध घाला. शेवटी एक चमचा बेकिंग पावडर मिसळून तूप लावलेल्या डब्यात ओता, वर बदामाचे काप टाका. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं लागतात.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजा. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापला तर भुगा होतो. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, शेजारी द्यायचा असेल तर तेव्हाच द्या.